गुंजीला हवी दांडीवर जागा

एक होतं अंगण.
अंगणात होतं खुराडं.
खुराड्यात होती दांडी.
दांडीवर होत्या कोंबड्या. एक आक्का, एक ढब्बी, एक कवडी.

आक्का सगळ्यांत थोरली. तिचा तुरा मोठा, आणि मिजास तुऱ्याहून मोठी. ढब्बी सगळ्यांत गुबगुबीत. कवडी सगळ्यांत पांढरी. आक्का म्हणाली "चला," की दोघी चालल्या. आक्का म्हणाली "बसा," की दोघी बसल्या.

एके दिवशी गोदूमावशी बाजारातून आली. डोक्यावर पाटी. पाटीत काय? सुके बोंबील. आणि बोंबलांच्या शेजारी?

"चिव!"

बोंबलांच्या शेजारी होती गुंजी!

गुंजी म्हणजे तलंग. तलंग म्हणजे काय ठाऊक आहे? पिल्लू म्हणावं तर मोठी, कोंबडी म्हणावं तर छोटी. अंग तांबडं, शेपटीवर काळा ठिपका. अगदी गुंजेसारखी. म्हणून तर मावशीनं नाव ठेवलं गुंजी.

मावशीनं तिला अंगणात सोडलं. म्हणाली, "जा गं माझे बाय, खुराड्यात जा. तिथं तुझी आक्का आहे, ताई आहे, माई आहे."

गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खुराड्यात शिरली.

दुपारची वेळ होती. तिघी दांडीवर पेंगत होत्या. दांडीच्या अगदी टोकाला एक इवलीशी जागा होती. तिथं आक्का नव्हती, ढब्बी नव्हती, कवडी नव्हती.

टुणुक! गुंजी चढली. अंग फुगवलं. डोळे मिटले. अहाहा! किती बरं वाटलं तिला!

इतक्यात, टोच!

"आई गं!"

धप्प! गुंजी खाली. गेली की हो जागा!

"कोण गं तू?" आक्कानं विचारलं. आक्काची खोडच तशी. आधी टोचायची, मग विचारायची.

"मी गुंजी. नवी आहे."

आक्कानं मान लांब केली. वास घेतला. हुं हुं, हुं हुं.

"शी! हिच्या अंगाला बोंबलाचा वास!"

"बोंबलाचा वास!" म्हणाली ढब्बी.

"बोंबलाचा वास!" म्हणाली कवडी.

आक्का म्हणाली, "आम्ही रोज राखेत लोळतो. आमच्या अंगाला राखेचा वास. तुझ्या अंगाला राखेचा वास आला, तर बस दांडीवर. नाहीतर बस खाली!"

खाली? बाप रे! खाली बसणं म्हणजे गंमत नव्हे हं. अंधार पडला की बोका यायचा. काळा बोका. दांडीवर त्याचा पंजा पोचायचा नाही. खाली मात्र बरोब्बर पोचायचा.

गुंजीला रडू आलं. पण ती रडत बसली नाही. म्हणाली, "राखच हवी ना? ही चालले मी!"

ऊन होतं अंगणात.

गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली चुलीकडे.

चूल होती अंगणाच्या कोपऱ्यात. तोंड उघडं, पोट रिकामं.

"चूलताई, चूलताई, एवढं काम कर.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

"नाही गं बाई, नाही!" चूल म्हणाली. "राख आहे कुठं? थोडी तुझ्या आक्कानं उधळली. थोडी भांडी घासायला गेली. माझं पोट बघ कसं गारगार! शेवगा काटकी देईल, तर मी पेटेन. मी पेटले, तर राख देईन."

ऊन सरकलं कुंपणाशी.

गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली शेवग्याकडे.

शेवगा होता उंच उंच, बारीक बारीक. सळसळ, सळसळ. बिचारा कण्हत होता.

"शेवगेदादा, शेवगेदादा, एवढं काम कर.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

"नाही गं बाई, नाही!" शेवगा म्हणाला. "काटकी कसली मागतेस? खाली बघ खाली! शेळी माझी साल खातेय. कचर कचर, कचर कचर. मला किती दुखतंय! शेळी मला सोडील, तर काटकी देईन."

ऊन चढलं ओट्यावर.

गुंजी निघाली. टुणुक टुणुक. फार लांब जायचंच नव्हतं. शेळी तिथंच तर होती. तोंडात साल, दाढी हलतेय. कचर कचर, कचर कचर.

"शेळीबाई, शेळीबाई, एवढं काम कर.
शेळी सोडील शेवग्याला.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

"में में! नाही गं बाई, नाही!" शेळी म्हणाली. "मी कशी जाऊ? माझ्या गळ्यात दावं बघ. बांधलंय मला या झाडाला. पाला नाही, पेंड नाही. साल नको खाऊ, तर काय माती खाऊ? मावशी मला नेईल, तर मी जाईन."

खरंच की! शेळीचं तरी काय चुकलं?

ऊन चढलं भिंतीवर.

गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली मावशीकडे.

मावशी बसली होती ओट्यावर. मांडीवर तिची छोटी लेक तानी. तानीनं मावशीच्या गळ्याला मिठी मारलेली. आणि भोकाड! केवढं मोठं भोकाड! ऍं ऍं ऍं!

"गोदूमावशी, गोदूमावशी, एवढं काम कर.
मावशी नेईल शेळीला.
शेळी सोडील शेवग्याला.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

"नाही गं बाई, नाही!" मावशी म्हणाली. "नेली असती गं शेळीला. पण मला उठता येतंय का? ही बघ आमची तानीबाई. हात सोडवावा तर पाय धरते. पाय सोडवावा तर पदर धरते. तानी मला सोडील, तर शेळीला नेईन."

ऊन चढलं छपरावर.

गुंजी निघाली. टुणुक! एकच उडी. बसली तानीच्या समोर.

"तानीबाई, तानीबाई, एवढं काम कर.
तानी सोडील मावशीला.
मावशी नेईल शेळीला.
शेळी सोडील शेवग्याला.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

तानी क्षणभर गप्प झाली. गुंजीकडे बघितलं. आणि पुन्हा, ऍं ऍं ऍं!

"नाई! नाई! माजा खुयखुया!"

खुयखुया म्हणजे काय? म्हणजे खुळखुळा! लाल-हिरवा, लाकडाचा. हलवला की खुळ खुळ, खुळ खुळ. पण होता कुठं तो? तानीनं बोट दाखवलं. ओट्याच्या पायरीशी भुऱ्या कुत्रा झोपला होता. आणि खुळखुळा? भुऱ्याच्या पोटाखाली!

ऊन चढलं शेवग्याच्या शेंड्यावर. आता थोडंसंच उरलं होतं.

गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली भुऱ्याकडे.

घुर्रर्र घुस्स! घुर्रर्र घुस्स! भुऱ्या घोरत होता.

"भुऱ्याभाऊ, भुऱ्याभाऊ, एवढं काम कर.
भुऱ्या देईल खुळखुळा तानीला.
तानी सोडील मावशीला.
मावशी नेईल शेळीला.
शेळी सोडील शेवग्याला.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

भुऱ्यानं एक डोळा उघडला. अर्धाच.

"नाही गं बाई, नाही! मी या घराचा राखणदार. मी काय खुळखुळ्यासाठी उठू? बोका मला उठवील, तर उठेन." आणि डोळा मिटला. घुर्रर्र घुस्स!

बोका? म्हणजे आता बोक्याकडे जायचं?

गुंजीनं खुराड्याकडे बघितलं. तिघी दांडीवर बसल्या होत्या. अंगाला अंग लावून, मजेत. मग तिनं गोठ्याकडे बघितलं. गोठ्याच्या पत्र्यावर बसला होता काळा बोका. शेपूट हलवत होता. हळू हळू, हळू हळू.

गुंजीला भीती वाटली. खूप खूप भीती वाटली.

तरी गुंजी निघाली. टुणुक... टुणुक... टुणुक... टुणुक. गेली बोक्याकडे.

"बोकोबा, बोकोबा, एवढं काम कर.
बोका उठवील भुऱ्याला.
भुऱ्या देईल खुळखुळा तानीला.
तानी सोडील मावशीला.
मावशी नेईल शेळीला.
शेळी सोडील शेवग्याला.
शेवगा देईल काटकी चुलीला.
चूल देईल राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, जाईन मी दांडीला!"

आवाज कापत होता. पण एक शब्द चुकला नाही हं!

बोक्यानं ऐकून घेतलं. मिश्यांवरून जीभ फिरवली. मान खाली केली. वास घेतला. हुं हुं, हुं हुं.

"अरे वा! बोंबलाच्या वासाची कोंबडी! म्हणजे एका घासात दोन खाऊ! मला भुऱ्या नको. मला खुळखुळा नको. मला काटकी नको. मला हवीस तू!"

आणि बोक्यानं मारली उडी! धप्प!

गुंजी पळाली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक!

गुंजी पुढं, बोका मागं. चुलीला वळसा. शेवग्याला वळसा. शेळीच्या पोटाखालून, सुर्रर्र! गुंजी पुढं, बोका मागं. आला आला, अगदी जवळ आला!

समोर होता भुऱ्या. गुंजीनं घेतली उडी. टुणुक! भुऱ्याच्या पाठीवरून पलीकडे.

बोक्यानंही घेतली उडी. पण बोका पडला भुऱ्याच्या शेपटीवर!

"भो!"

उठला, उठला! भुऱ्या उठला! भो भो भो! आता बोका पुढं आणि भुऱ्या मागं. कुंपणावरून, बांधावरून, बोका जो पळाला तो दिसेनासाच झाला.

आणि पायरीशी काय राहिलं? खुळखुळा!

गुंजीनं चोच मारली. टोच! खुळ खुळ, खुळ खुळ, खुळखुळा घरंगळला.

तानीनं ऐकलं. तानीनं बघितलं. "माजा खुयखुया!" मावशीचा गळा सोडला, पदर सोडला, सरसर खाली उतरली. खुळखुळा घेतला. आणि हसली! खुदूखुदू, खुदूखुदू.

मावशी उठली. कंबर सरळ केली. "हुश्श! सुटले गं बाई!" मग शेळीचं दावं सोडलं. तिला गोठ्यात नेलं. पुढ्यात हिरवा पाला टाकला. शेळी म्हणाली, "में में! हे बरं झालं! साल कुणाला हवीय मेली!"

शेवग्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तो आनंदानं हलला. सळसळ सळसळ. कट्ट! एक काटकी पडली. कट्ट! दुसरी पडली. कट्ट कट्ट कट्ट! वाळक्या काटक्यांचा खच पडला.

गुंजीनं एक काटकी चोचीत धरली. काटकी होती गुंजीहून लांब! तरी ओढली. खर्र खर्र, खर्र खर्र. नेली चुलीपाशी.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "गुंजी काटक्या गोळा करतेय! मग मी का बसू? भाकरी टाकते." मावशीनं बाकीच्या काटक्या आणल्या. चुलीत घातल्या. फू फू! फू फू! भक्क! चूल पेटली. मावशीनं भाकरी थापली. थप थप, थप थप. भाकरी फुगली टम्म.

भाकऱ्या झाल्या. विस्तव विझला. चुलीच्या पोटात काय राहिलं? राख! मावशीनं ती कोपऱ्यात ओढून ठेवली. राख निवली. मऊ मऊ झाली, कोमट कोमट झाली.

भुऱ्या परत आला होता. पायरीशी बसला होता. पण त्याचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते. घुर्रर्र... आता बोका आला, तर काही खरं नव्हतं! ऊन कधीच गेलं होतं.

गुंजीनं राखेत उडी घेतली. भुस्स! या कुशीवर लोळली. त्या कुशीवर लोळली. पाय वर करून लोळली. बोंबलाचा वास गेला. तांबडा रंग गेला. काळा ठिपकाही गेला. गुंजी झाली राखाडी राखाडी!

आणि मग गुंजी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेली खुराड्याकडे.

खुराड्यात अंधारलं होतं. कोंबड्यांना अंधारात धड दिसत नाही. टुणुक! गुंजी दांडीवर चढली. तिनं अंग झटकलं. फर्रर्रर्र!

राखच राख! राखेचा ढग! आक्का राखाडी, ढब्बी राखाडी, कवडीसुद्धा राखाडी!

"आक्छी!" आक्का.

"आक्छी!" ढब्बी.

"आक्छी!" कवडी.

"कोण आलं? नवी आली वाटतं!" आक्का म्हणाली. आणि आक्काची खोड तर तुम्हाला ठाऊकच आहे. टोच!

"आई गं! आक्का, मी ढब्बी!"

"मग ही नवी!" टोच!

"आई गं! आक्का, मी कवडी!"

"मग हा पाय नवीचा!" टोच!

"आई गं!" आक्काच ओरडली. "हा तर माझाच पाय!"

गुंजी टोकाला गप्प बसली होती. गप्पच राहिली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तिच्यामुळे सगळ्यांना टोचण्या बसत होत्या. तिला ते बरं वाटेना.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "नवी मी आहे. मी इकडं आहे."

आक्कानं मान लांब केली. वास घेतला. हुं हुं, हुं हुं. बोंबील? छे! नुसता राखेचा वास.

"चुलीत तर राख नव्हती," आक्का म्हणाली. "एवढीशी तू, राख आणलीस कुठून?"

गुंजी म्हणाली,

"बोक्यानं उठवलं भुऱ्याला.
भुऱ्यानं दिला खुळखुळा तानीला.
तानीनं सोडलं मावशीला.
मावशीनं नेलं शेळीला.
शेळीनं सोडलं शेवग्याला.
शेवग्यानं दिली काटकी चुलीला.
चुलीनं दिली राख मला.
राखेत लोळून, टुणुक टुणुक, आले मी दांडीला!"

"बोक्याकडे गेलीस?" आक्का म्हणाली. "तू? एकटी?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! खूप वाटली. पण मला इथं बसायचं होतं."

आक्काला आपल्या टोचण्याचं वाईट वाटलं.

मग आक्का म्हणाली, "सरका गं जरा!"

कवडी सरकली. ढब्बी सरकली. आणि काय सांगू, आक्का स्वतः सरकली! आक्का आजवर कुणासाठी सरकली नव्हती. दांडीवर एक जागा झाली. टोकाला नाही हं, अगदी मधोमध. आक्का आणि ढब्बीच्या मध्ये.

"ये गं गुंजे," आक्का म्हणाली. "टोकाला वारा लागतो."

टुणुक! गुंजी मधोमध बसली. या बाजूला आक्का ऊबदार, त्या बाजूला ढब्बी ऊबदार. आक्कानं पंख उचलला आणि गुंजीवर घातला.

जागा इवलीशीच होती. गुंजीला इवलीशीच तर हवी होती.

गुंजी निजली दांडीवर,
गोष्ट निजली मांडीवर.